तीन पिनकोड, एक शहर

परवा लेकीचा कॉलेज प्रवेशाचा फॉर्म भरायचं काम चाललं होतं. 'जन्मस्थळ' या रकान्यात तिनं लिहिलं मिरज, कारण माझं बाळंतपण माहेरी झालं. 'पत्ता' लिहिला सांगली. शेजारी तिची पुण्याची मैत्रीण बसली होती. ती म्हणाली, "दोन्ही एकच ना? सांगली-मिरज?" लेक हसून म्हणाली, "हे आमच्या दोन आज्यांसमोर बोलू नकोस हं!"

खरंच आहे ते. आमच्या सासूबाई मिरजेला निघाल्या की आजही "गावाला जाऊन येते" म्हणतात. अंतर जेमतेम दहा किलोमीटर! आणि माझी आई फोनवर विचारते, "काय गं, तुमच्या सांगलीत पाऊस आहे का?" जणू काही दोन्हीकडचं आभाळ वेगळं आहे. दोघींचा एसटीडी कोड एक, महापालिका एक, घरपट्टीच्या पावतीवरचं नावही एक. पण पिनकोड वेगळे, आणि मनंही वेगळी.

९ फेब्रुवारी १९९८ ला सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून महापालिका झाली, तेव्हा मी विलिंग्डनमध्ये बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. विलिंग्डन म्हणजे सांगली आणि मिरज यांच्या मधोमध, विश्रामबागेत. त्यामुळे वर्गात दोन्हीकडच्या मुली. चर्चेचा विषय एकच, नाव काय ठेवणार? सांगलीच्या मुलींना वाटायचं, जिल्ह्याचं गाव आमचं, तेव्हा नाव आमचं. आम्ही मिरजेच्या म्हणायचो, जंक्शन आमचं, मिशन हॉस्पिटल आमचं. कुपवाडची एकच मुलगी होती वर्गात. ती काहीच बोलायची नाही. शेवटी तिन्ही नावं एकापुढं एक लावली. आजही पूर्ण नाव म्हणायचं तर मध्ये श्वास घ्यावा लागतो.

खरं तर हे एकत्र येणं म्हणजे जुन्या वाटणीची उलट गोष्ट. पटवर्धनांच्या घरात काका-पुतण्याचं पटेना, म्हणून १८०१ मध्ये चिंतामणराव आप्पासाहेब मिरजेतून वेगळे झाले आणि सांगलीचं संस्थान उभं राहिलं. म्हणजे सांगली हे मिरजेच्या घरातून निघालेलं बिऱ्हाड! (हे मी सासरी फार मोठ्यानं सांगत नाही.) मग दोन्ही गावांनी आपापला संसार थाटला. सांगलीला हळदीची पेठ झाली, विष्णुदास भावे यांचं नाटक झालं. मिरजेला दर्गा, अब्दुल करीम खाँसाहेब, सतार-तंबोरे करणारी घराणी. त्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. सांगली संस्थानचा गणपती पाचव्या दिवशी विसर्जनाला निघतो, मिरजेची मोठी मिरवणूक अनंत चतुर्दशीला. आणि दोनशे वर्षांनी सरकारी कागदावर हे दोन संसार पुन्हा एका चुलीवर आले.

का आले, तर कारणं साधी होती. विश्रामबाग, वानलेसवाडी करत करत मधला रस्ता घरांनी भरून गेला होता. सांगली कुठं संपते आणि मिरज कुठं सुरू होते ते बसमधल्या माणसाला कळत नव्हतं. दोघींना पाणी पाजणारी कृष्णा एकच. शिवाय महापालिका व्हायला साधारण तीन लाख वस्ती लागते, तो आकडा दोघींनाही एकेकटीनं गाठता आला नसता. कुपवाडची औद्योगिक वसाहत म्हणजे कारखान्यांचा कर. मोठं शहर झालं की मोठा निधी, मोठ्या योजना, हा हिशेब. २०११ च्या जनगणनेत तिन्ही मिळून पाच लाखांवर गेलो.

हिशेब चुकीचा नव्हता. पण एकत्र कुटुंबात राहिलेल्या बाईला एक गोष्ट लगेच कळते. घर एक आहे की नाही, हे ओसरीवर बसलेल्यांना विचारायचं नसतं. सगळ्यांत शेवटी पंगतीला बसणाऱ्या धाकट्या जावेला विचारायचं असतं. आमच्या तीन गावांतली धाकटी जाऊ म्हणजे कुपवाड.

बचत गटाच्या कामानं मी पंधरा-सोळा वर्षं कुपवाडला जाते. गटातल्या बहुतेक बायका कारखान्यांत पॅकिंगला, नाहीतर घरी शिवणकाम. २०१८ च्या निवडणुकीच्या वेळी मी त्यांना मोठ्या उत्साहानं सांगत होते की ७८ पैकी निम्म्या जागा आता बायकांच्या, आपला आवाज तिथं पोचेल. एक जण म्हणाली, "ते खरं ओ वहिनी. पण आमच्या गल्लीत गटारीचं पाणी तुंबलं तर मी कुणाकडं जायचं, ते सांगा. एका प्रभागात चार-चार नगरसेवक. हा म्हणतो त्याच्याकडं जा, तो म्हणतो हिच्याकडं. आधी एकच माणूस होता, त्याच्या दारात जाऊन बसता यायचं." मला उत्तर देता आलं नाही. आणि ऑगस्ट २०२३ मध्ये मुदत संपल्यावर तेही राहिले नाहीत. जानेवारी २०२६ मध्ये पुन्हा मतदान झालं, तोवर सगळा कारभार प्रशासकाकडं. त्या काळात ती मला भेटली की डोळे मिचकावायची, "आता तर दारच न्हाई वहिनी!"

भुयारी गटारीसाठी कुपवाडनं कितीतरी वर्षं वाट पाहिली. अंतर म्हणाल तर तेही बघा. मुख्य कार्यालय सांगलीत. पुरुष माणूस मोटारसायकलला किक मारतो आणि जातो. बाई निघाली की आधी वडाप, मग चालणं, साहेब जागेवर नसले की तसंच परत, आणि त्या दिवसाचा खाडा. शहर मोठं झालं की नकाशावर नुसती रेघ पुढं सरकते, पण एका सहीसाठी बाईची अर्धा दिवसाची मजुरी जाते. एकत्रीकरणाच्या चर्चेत हा खर्च कुणी धरलेला मी पाहिला नाही.

माझी एक आत्तेबहीण धारवाडला दिलेली आहे. हुबळी आणि धारवाड १९६२ मध्येच एक केली. जानेवारी २०२५ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळानं धारवाडची वेगळी महापालिका करायला मंजुरी दिली, तेव्हा तिचा फोन आला. "साठ वर्षं एका घरात नांदलो गं, पण सगळं काही हुबळीलाच!" दिल्लीनं तर २०१२ मध्ये एकाच्या तीन महापालिका केल्या आणि २०२२ मध्ये पुन्हा एक. आमच्या शेजारचं कोल्हापूर हद्दवाढीसाठी वर्षानुवर्षं धडपडतंय आणि आजूबाजूची गावं 'आम्हाला नको' म्हणून रस्त्यावर येतात. पूर्वी मला त्या गावांचा राग यायचा. आता वाटतं, त्यांना कर वाढायची भीती तर आहेच, पण धाकटी जाऊ व्हायचीही असावी.

मग वेगळं व्हावं का? मला तसं वाटत नाही, आणि याचं कारण २०१९ चा ऑगस्ट.

आमचं घर गावभागात. आयर्विन पुलापाशी पाणी ४५ फुटांवर गेलं की धोका, हे आमच्याकडं लहान पोरांनाही पाठ असतं. त्या वर्षी ते ५७ फुटांच्या वर गेलं. २००५ चा पूर आमच्या उंबऱ्यापर्यंतच आला होता, म्हणून सासूबाई हलायला तयार नव्हत्या. "इथवर येत नाही पाणी," म्हणत राहिल्या. संध्याकाळी पाणी देवघरात शिरलं. वरच्या मजल्यावर एक रात्र काढली, दिवे नाहीत, प्यायला पाणी नाही. सकाळी बोटीनं निघालो. देवांचा डबा मांडीवर घेऊन त्या बोटीत बसल्या होत्या, एक शब्द बोलल्या नाहीत. मिरज शहर उंचावर, म्हणून गेलो थेट माझ्या माहेरी.

दुसऱ्या दिवशी मी मदत केंद्रावर गेले, तर समोर टेम्पोतून भाकऱ्यांच्या टोपल्या उतरत होत्या. बरोबर कुपवाडच्या माझ्याच गटातल्या बायका. मी कुणालाच फोन केला नव्हता, मोबाइल कधीच बंद पडला होता. रात्रभर सात-आठ चुलींवर भाकऱ्या थापल्या होत्या त्यांनी. गटारीचं विचारणारी तीही होती. मी रडायला लागले तर मला म्हणाली, "रडू नका वहिनी, ठेचा तिखट हाय, तो वाढताना रडा."

त्या आठवड्यात कुणीही कुणाला पिनकोड विचारला नाही. पाणी ओसरल्यावर तिन्हीकडची माणसं खराटे घेऊन सांगलीत चिखल काढत होती. एवढी माणसं एका हाकेला धावून येतात, मग गटारीच्या एका अर्जाला इतकी वर्षं का लागावीत? बाईनं जायचं कुठं ते ठरलेलं असावं. तिथं जबाबदार माणूस भेटावा, आणि त्याला सही करायचा अधिकार असावा. म्हणजे तिला सांगलीची वाट धरावी लागणार नाही. एवढं जमलं तर महापालिकेच्या नावात तीन काय, तेरा गावं असली तरी म्हणायला माझी हरकत नाही.

सासूबाई त्या वेळी अकरा दिवस माझ्या आईकडं राहिल्या. दोन विहिणी एका खोलीत, मला धडकीच भरली होती! पण दोघींचं असं काही जमलं की आता दरवर्षी ठरलेलंच आहे. पाचव्या दिवशी संस्थानचा गणपती विसर्जनाला गेला की सासूबाई पिशवी भरायला घेतात. कुठं निघालात विचारलं की म्हणतात, "गावाला जाऊन येते. चतुर्दशीच्या कमानी बघूनच येईन."