वाशिमचा माल आणि बाजारातले नाव : गैरसमज आणि वस्तुस्थिती

तूर, सोयाबीन, हरभरा, हळद आणि अलीकडे चिया ही वाशिम जिल्ह्याच्या बाजारातली महत्त्वाची पिके. यातला बहुतेक माल पोत्यांतून वाशिम, कारंजा, रिसोड, मंगरुळपीर येथील बाजार समित्यांत येतो, त्याची बोली लागते आणि जिल्ह्याची हद्द ओलांडताना त्यावर वाशिमचे नाव उरत नाही. पुण्या-मुंबईच्या ग्राहकाला तो मिळतो तो दुसऱ्याच कुणाच्या नावाच्या पाकिटातून. हे बदलावे म्हणून शेतकरी उत्पादक कंपन्या, महिला बचत गट आणि छोटे डाळ मिलवाले स्वतःच्या नावाने विक्री करू पाहतात. त्यांच्या वाटेत भांडवलाची अडचण असतेच. पण ब्रँड आणि विपणन यांविषयीचे काही पक्के गैरसमजही तितकेच आड येतात.

सर्वांत मोठा गैरसमज असा, की आकर्षक बोधचिन्ह आणि चकचकीत पाकीट म्हणजे ब्रँड. पाकिटामुळे ग्राहक माल एकदा उचलतो, एवढेच. दुसऱ्यांदा तो उचलायचा की नाही, हे पहिल्या किलोच्या अनुभवावर ठरते. तुरीच्या डाळीचेच पाहावे. शंभर किलो तुरीतून साधारण 70 ते 75 किलो डाळ निघते, उरलेली चुनी आणि टरफले जनावरांच्या खाद्याला जातात. त्या डाळीतही प्रती असतात : अख्खी फटका डाळ वेगळी, फुटकी कणी वेगळी. दोन-तीन जातींची तूर एकत्र भरडली, उन्हात नीट वाळवली नाही किंवा चाळणी घाईत उरकली, की एका कट्ट्यातली डाळ लवकर शिजते आणि दुसऱ्यातली कुकरच्या चार शिट्ट्यांनंतरही कच्ची राहते. पाकीट तेच, नाव तेच, डाळ मात्र वेगळी. असा माल मिळालेला ग्राहक तक्रार करायला येत नाही. तो पुढच्या महिन्यात दुसरी डाळ घेतो. म्हणून छोट्या उत्पादकाने पहिला खर्च पाकिटावर करण्याऐवजी एकाच जातीची तूर गोळा करण्यावर, वाळवणीवर आणि प्रतवारीवर करणे शहाणपणाचे.

‘घरगुती चव हीच आमची ओळख’ असे बचत गटांच्या मालावर हमखास छापलेले असते. घरगुती चव घरागणिक बदलते, ही त्यातली अडचण. लिज्जत पापडाने यावर शोधलेला मार्ग आजही अभ्यासण्यासारखा आहे. 15 मार्च 1959 रोजी मुंबईत गिरगावात सात महिलांनी 80 रुपये उसने घेऊन हा उद्योग सुरू केला. काम हजारो घरांत पसरले, तरी पीठ मात्र केंद्रात एकत्र मळले जाते. भगिनी ते घरी नेऊन पापड लाटतात, वाळवून परत आणतात आणि ते तपासूनच घेतले जातात. लाटणारे हात कितीही असले तरी मीठ-मसाल्याचे प्रमाण एकाच ठिकाणी ठरते. वाशिमच्या एखाद्या गावात दहा घरांत होणाऱ्या मसाल्याला किंवा कुरड्यांना हीच शिस्त लागू पडते.

कंपनीची नोंदणी झाली, उद्यम प्रमाणपत्र आले, जीएसटी क्रमांक मिळाला, की नाव आपले झाले, हा आणखी एक समज. यांपैकी एकही नोंदणी मालाच्या नावावर हक्क देत नाही. तो हक्क व्यापारचिन्ह अधिनियम, 1999 खालच्या नोंदणीने मिळतो. ती दहा वर्षांसाठी असते आणि पुढे नूतनीकरण करता येते. वस्तू आणि सेवा यांचे मिळून 45 वर्ग आहेत आणि शुल्क प्रत्येक वर्गासाठी स्वतंत्र भरावे लागते. हळद पावडर, मसाले, पीठ 30 व्या वर्गात येतात, तर प्रक्रिया न केलेले धान्य 31 व्या. व्यक्ती आणि लघुउद्योगांना ऑनलाइन अर्जात मोठ्या कंपन्यांच्या निम्मे शुल्क आहे. याच कायद्यातली आणखी एक गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. नुसता माल किंवा त्याचे ठिकाण सांगणारे नाव, उदाहरणार्थ ‘वाशिम तूर डाळ’ किंवा ‘शुद्ध हळद’, सहसा नोंदवता येत नाही, कारण ते शब्द सगळ्यांच्या वापराचे आहेत. नाव निवडताना वेगळेपण पाहावे लागते ते यासाठी. नोंदणी नसलेल्यालाही वाऱ्यावर सोडलेले नाही : जो आधीपासून ते नाव वापरतो आहे, त्याचा हक्क कायदा मानतो. फक्त त्यासाठी जुनी बिले, पाकिटे, जाहिराती जपून ठेवलेल्या असाव्या लागतात.

भौगोलिक मानांकनाभोवती तर आशेचे मोठे वलय आहे. वर्धा जिल्ह्यातील वायगाव हळद, नंदुरबारची नवापूर तूर डाळ, लातूरची बोरसुरी तूर डाळ यांना ते मिळाले. शेजारच्या हिंगोलीतील वसमत हळदीलाही मिळाले. मग आपल्यालाही मिळाले की भाव वाढेल, असे वाशिममध्ये वाटणे स्वाभाविक आहे. पण हे मानांकन कुणा एकाच्या मालकीचे नसते, ते त्या भागातल्या सर्व उत्पादकांचे असते. माल तिथलाच का आणि त्याचा गुण तिथल्या माती-हवामानाशी किंवा कौशल्याशी कसा जोडलेला, हे पुराव्यानिशी दाखवावे लागते. मानांकन मिळाल्यावरही वापरकर्ता म्हणून उत्पादकाला स्वतंत्र नोंदणी करावी लागते. ते नक्कल रोखण्याचे साधन आहे. गिऱ्हाईक आणून देणे त्याच्या आवाक्यात नाही. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये मानांकन मिळाले होते, तरीही जून 2025 मध्ये इटलीतील मिलान येथे प्राडा या फॅशन कंपनीने तशाच चपला आपल्या म्हणून मांडल्या, कारण भारतातील मानांकनाचे संरक्षण भारतापुरतेच चालते.

नाव न छापता माल विकला तर कर वाचतो, ही समजूत मात्र एकेकाळी खरी होती. 1 जुलै 2017 रोजी जीएसटी आला तेव्हा डाळी-धान्यावर 5 टक्के कर फक्त नोंदणीकृत ब्रँडला होता. तो टाळण्यासाठी अनेक व्यापाऱ्यांनी नावावरचा हक्क सोडल्याचे चक्क पोत्यांवर छापले. वर्षानुवर्षे कमावलेले नाव पाच टक्क्यांसाठी सोडून द्यावे, याचे वाईट वाटते. 18 जुलै 2022 पासून नियम बदलला. ब्रँड असो वा नसो, 25 किलोपर्यंतच्या आधीच बांधलेल्या आणि लेबल लावलेल्या डाळी, धान्य, पिठावर कर लागतो. सुट्ट्या विक्रीवर लागत नाही. राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला सर्वसाधारणपणे 40 लाख रुपयांच्या वार्षिक उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. म्हणजे नाव लपवण्याचा करापुरता फायदाही आता उरलेला नाही.

पाकिटावर काय छापावे, यातही बरीच ढिलाई दिसते. उत्पादकाचे नाव-पत्ता, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, पॅकिंगची तारीख, तक्रारीसाठी संपर्क आणि अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा (एफएसएसएआय) 14 अंकी क्रमांक हे तपशील बंधनकारक आहेत. ‘सेंद्रिय’ हा शब्द मात्र मनाने छापता येत नाही. त्यासाठी एनपीओपी किंवा पीजीएस या सरकारी पद्धतींपैकी एकीचे प्रमाणीकरण लागते; थेट ग्राहकाला विकणाऱ्या लहान उत्पादकाला त्यातून सूट आहे.

दाव्यांचा प्रश्न चियाच्या बाबतीत जास्त गंभीर होतो. हे पीक मूळचे मेक्सिको-ग्वाटेमालाकडचे. रानडुकरे आणि रोही (नीलगायी) त्याला फारसे तोंड लावत नाहीत, हे वाशिमच्या शेतकऱ्याने ते स्वीकारण्याचे एक मोठे कारण. सुरुवातीला विक्रीसाठी मध्य प्रदेशातील नीमचची बाजारपेठ गाठावी लागे. नंतर वाशिमच्या बाजार समितीतच खरेदी सुरू झाली. चियात तंतू आणि ओमेगा-3 आहेत, हे सांगता येते. पण ‘मधुमेह बरा करते’, ‘हृदयविकार टाळते’ असे छापणे अन्न सुरक्षा व मानके कायद्याखाली गुन्हा ठरू शकते.

शेवटचा समज विक्रीच्या जागेविषयी. माल मुंबईत किंवा ऑनलाइन गेल्याशिवाय ब्रँड होत नाही, असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात ऑनलाइन विक्रीत मंचाचे कमिशन, कुरिअर आणि परत आलेल्या मालाचा तोटा धरला, तर किलोभर डाळीत फार काही उरत नाही. हळद, चिया यांसारख्या हलक्या आणि महाग मालालाच ती परवडते. डाळीसाठी जवळचे गिऱ्हाईक भरपूर आहे. नृसिंह सरस्वतींच्या जन्मस्थानी कारंज्याला वर्षभर भाविक येतात, सेवालाल महाराजांच्या पोहरादेवीला देशभरातून बंजारा समाज येतो, शिरपूरला जैन यात्रेकरू येतात. समृद्धी महामार्गही याच जिल्ह्यातून जातो. या माणसांना एकसारख्या प्रतीची किलोभर डाळ आणि पाकिटावर खरा चालू फोन क्रमांक मिळाला, तर पुढची मागणी त्याच क्रमांकावर येऊ शकते. वाशिमच्या छोट्या उत्पादकाने सुरुवात इथूनच करावी.