ब्लूनोज: नाण्यावरची आणि पाण्यावरची

१९२० साली कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतातल्या हॅलिफॅक्सच्या ‘हेराल्ड’ या वृत्तपत्राने मच्छीमार नौकांच्या शर्यतीसाठी एक करंडक ठेवला. नुसत्या हौशी नौकांना त्यात जागा नव्हती; समुद्रात खरोखर मासेमारी केलेलीच नौका उतरू शकत होती. पहिल्याच वर्षी अमेरिकेतल्या ग्लॉस्टरची ‘एस्पेरांतो’ करंडक घेऊन गेली आणि नोव्हा स्कोशियाला ते जिव्हारी लागलं.

मग विल्यम रुए यांनी नव्या स्कूनरचा, म्हणजे शिडाच्या नौकेचा, आराखडा केला. ल्युनेनबर्गच्या स्मिथ अँड रुलंड गोदीत ती बांधली गेली आणि २६ मार्च १९२१ रोजी ‘ब्लूनोज’ पाण्यात उतरली. लांबी १४३ फूट, दोन डोलकाठ्या आणि सुमारे दहा हजार चौरस फूट शीड. त्या उन्हाळ्यात कप्तान अँगस वॉल्टर्स तिला ग्रँड बँक्स या समुद्री उथळ भागात कॉड मासे पकडायला घेऊन गेले. डेकवर सपाट बुडाच्या होड्या एकात एक रचलेल्या असत. पहाटे त्या पाण्यात सोडायच्या, दोघादोघांनी शेकडो गळांची दोरी टाकायची आणि पकडलेला मासा नौकेवर आणून चिरून, मीठ भरून ठेवायचा. हा मोसम संपवून ऑक्टोबरात तिने अमेरिकेच्या ‘एल्सी’ला हरवलं आणि करंडक परत आणला. १९३८च्या शेवटच्या शर्यतीतही ‘गर्ट्रूड थीबो’ला हरवून तिने तो राखला.

तिची कीर्ती वाढत होती, तसा शिडाच्या नौकांचा धंदा बसत चालला होता. १९३७ साली कॅनडाच्या दहा सेंटच्या नाण्यावर स्कूनरचं चित्र आलं, ते तिच्यावरूनच. दोनच वर्षांत ती कर्जापायी लिलावाच्या दारात उभी होती. वॉल्टर्स यांनी पदरमोड करून तिला सोडवलं. सरकार किंवा कुणी धनिक पुढे आला नाही. १९४२ साली ती वेस्ट इंडीजमध्ये मालवाहतुकीसाठी विकली गेली आणि जानेवारी १९४६ मध्ये हैतीजवळच्या खडकावर आपटून बुडाली.

हळहळ मागाहून आली. १९६३ साली ओलंड या बिअरवाल्या घराण्याने त्याच गोदीत, रुए यांच्याच आराखड्यावरून ‘ब्लूनोज २’ बांधून घेतली. १९७१ साली नाममात्र किमतीत ती प्रांताकडे आली. २०१०नंतर तिची जवळजवळ संपूर्ण पुनर्बांधणी झाली. नवं पोलादी सुकाणू इतकं जड निघालं की ते वळवायला हायड्रॉलिक यंत्रणा लागली. खर्च सुमारे अडीच कोटी डॉलरवर गेला आणि ‘ही मूळची किती उरली?’ हा वाद रंगला.

खरा हिशोब मात्र १९३९चा आहे. तेव्हा थोडक्या पैशांत अस्सल नौका कायमची वाचली असती. आता निदान शीड चढवण्याची आणि दोर ओढण्याची विद्या दर उन्हाळ्यात नव्या खलाशांना या प्रतिकृतीवर शिकता येते, आणि एवढ्यासाठी तरी हा खर्च वाया गेला म्हणवत नाही.