तराजू कोणाच्या हाती?

सुप्याचा शेतकरी आपला माल घेऊन पारनेरच्या किंवा नगरच्या बाजार समितीच्या आवारात जातो, तेव्हा माल त्याचा असतो, खरेदी व्यापाऱ्याची असते. पण तराजू असतो तिसऱ्याच्या, म्हणजे मापाड्याच्या हाती. मापाड्याने घेणाऱ्याचेही असू नये आणि विकणाऱ्याचेही असू नये, हा पेठेचा साधा धर्म आहे. विधिमंडळात हे मापाड्याचे काम अध्यक्ष करतो. तथापि तो येतो कोठून? पक्षातून. पक्षाच्या तिकिटावर निवडून येतो, पक्षाच्या मतांनी आसनावर बसतो, आणि त्याच क्षणापासून पक्ष विसरावा अशी आपण त्याजकडून अपेक्षा करतो. ही अपेक्षा कितपत पुरी होते, याचा विचार आज करावयाचा आहे.

या आसनाशी नगर जिल्ह्याचे नाते जुने आहे. नगरचे वकील आणि स्वातंत्र्यलढ्यातील कार्यकर्ते कुंदनमल फिरोदिया हे 1946 ते 1952 पर्यंत मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते. त्यांच्या आधी 1937 पासून त्या आसनावर होते गणेश वासुदेव मावळंकर. त्यांचे मूळ घराणे रत्नागिरी जिल्ह्यातील संगमेश्वरकडचे, जन्म बडोद्यास, 1888 मध्ये, वकिली अहमदाबादेस. 1912 मध्ये कायद्याची परीक्षा उत्तीर्ण होऊन त्यांनी वकिली आरंभिली, खेडा सत्याग्रहात काम केले, अहमदाबाद नगरपालिकेचे अध्यक्षपद सांभाळले, आणि अनेकदा कारावास भोगला. सारांश, गृहस्थ पक्का पक्षाचा.

1946 च्या जानेवारीत मध्यवर्ती कायदेमंडळाच्या अध्यक्षपदासाठी त्यांचा सामना सर कावसजी जहांगीर यांच्याशी झाला. मावळंकरांस 66 मते पडली, प्रतिस्पर्ध्यास 63. तीन मतांच्या आधाराने बसलेल्या माणसाने आपल्या बाजूस तराजू झुकविला असता तर नवल नव्हते. पण मावळंकरांनी आसनाचा धर्म ओळखला. स्वातंत्र्यानंतर 1952 च्या मे महिन्यात ते पहिल्या लोकसभेचे अध्यक्ष झाले, तेही बिनविरोध नव्हे. शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे यांचे नाव विरोधकांनी पुढे केले होते. मावळंकरांच्या बाजूने 394 आणि विरुद्ध 55 मते पडली.

त्यांनी केले काय? सरकारने सभागृहात दिलेली आश्वासने पाळली की नाही हे पाहणारी समिती, सरकारी खर्चाच्या अंदाजांची तपासणी करणारी समिती, कायद्याखाली सरकार जे नियम करते त्यांवर नजर ठेवणारी समिती, या सर्व त्यांच्या कारकिर्दीत उभ्या राहिल्या. वटहुकूम काढून कायदे करण्याच्या सवयीबद्दल त्यांनी आपल्याच पक्षाच्या पंतप्रधानांस पत्र लिहून नापसंती कळविली. वकिलाला अशिलाची बाजू मांडण्याची सवय असते. पण चांगला वकील न्यायासनाची मर्यादाही जाणतो. मावळंकरांच्या ठायी ही दुसरी जाणीव बलवत्तर ठरली.

येथे कोणी म्हणेल, 'मग मावळंकरांसारखी माणसे निवडा म्हणजे झाले.' आमचा मतभेद येथेच आहे. खुद्द मावळंकरांवरही पक्षपाताचा आरोप ठेवून 18 डिसेंबर 1954 रोजी त्यांस पदच्युत करण्याचा ठराव लोकसभेत आला. तो फेटाळला गेला, ही गोष्ट खरी. पण अशा माणसाविषयीही शंका उत्पन्न होते, यावरून एवढेच सिद्ध होते की, माणसाच्या चांगुलपणावर सारा भार टाकणे शहाणपणाचे नव्हे.

अमेरिकेने हा धडा 1910 मध्ये घेतला. तेथील प्रतिनिधिगृहाचे अध्यक्ष जोसेफ कॅनन हे इलिनॉय राज्यातील वकील. जुने, मुरब्बी आणि हट्टी. समित्यांच्या नेमणुका त्यांच्या हाती, आणि कोणत्या कामास सभागृहात वाट द्यावयाची हे ठरविणाऱ्या नियम समितीचे प्रमुखही तेच. त्यांच्याच पक्षातील नेब्रास्काचे वकील जॉर्ज नॉरिस यांनी बंडाचा झेंडा उभारला, आणि 19 मार्च रोजी 191 विरुद्ध 156 मतांनी अध्यक्षास नियम समितीतून दूर केले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, सभागृहाने कॅनन यांस आसनावरून उठविले नाही. आसनाला चिकटलेली अवास्तव सत्ता तेवढी काढून घेतली.

आमच्याकडे उलट झाले. 1985 च्या घटनादुरुस्तीने पक्षांतर केलेल्या सभासदास अपात्र ठरविण्याचा अधिकार अध्यक्षाच्याच हाती दिला. सर्वोच्च न्यायालयाने 1992 मध्ये तो बहुमताने मान्य केला. पण बहुमतावर अवलंबून असणारा अध्यक्ष निःपक्षपाती निवाडा कसा देणार, हा प्रश्न त्याच निकालात अल्पमतातील न्यायाधीशांनी उपस्थित केला होता. 2020 मध्ये त्याच न्यायालयाने, असे अर्ज सामान्यतः तीन महिन्यांत निकाली निघावेत असे सांगून, हे काम स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे देण्याचा विचार संसदेने करावा असे सुचविले. महाराष्ट्रात काय घडले हे वाचकांनी पाहिलेच आहे. 2022 च्या जूनमध्ये शिवसेनेत फूट पडली. अपात्रतेचा निवाडा अध्यक्षांकडून आला 2024 च्या जानेवारीत. निवाडा योग्य की अयोग्य, या वादात आम्ही येथे शिरत नाही. निम्म्या लोकांस तो आधीपासूनच ठाऊक होता असे वाटले, हाच मोठा दोष आहे. न्याय मिळाला, एवढ्याने भागत नाही; तो मिळाला असे हरणाऱ्यासही वाटले पाहिजे.

यास्तव आमचे म्हणणे इतकेच की, अध्यक्षाने सभा चालवावी. सभासदत्वाचा निवाडा दुसऱ्याने करावा. यात कोणा व्यक्तीचा अवमान नाही. मापाडी बदलून तक्रारी थांबत नाहीत, तर तराजूच त्याच्या हातून काढून घ्यावयास हवा, हे ज्यांस पेठेत समजते त्यांनी ते आपल्या प्रतिनिधीसही समजावून सांगावे. मते मागावयास तो सुप्याच्या वेशीवर येईलच. त्या वेळी प्रथम हा प्रश्न विचारावा.