वारणेचे संगणक आणि खिशातला फोन

1998 साली वारणानगर परिसरातल्या, कोल्हापूर-सांगलीकडच्या सुमारे 70 गावांसाठी ‘वारणा वायर्ड व्हिलेज’ हा सरकारी प्रकल्प आला. गावोगावी संगणक बसले. शेतकऱ्याने केंद्रात यावे, बाजारभाव पाहावेत, पिकावरच्या रोगाचा उपाय शोधावा, अशी कल्पना होती. कागदावर झकासच.

शेतकरी केंद्रात आलेही, पण वेगळ्याच कामाला. ऊस किती टन भरला, खत किती उचलले, तोडणीची परवानगी आली का, बिल किती निघाले... म्हणजे जे प्रश्न घेऊन ते पूर्वी साखर कारखान्याच्या कचेरीत जायचे, तेच. इंटरनेट बहुतेकांनी वापरलेच नाही.

काही वर्षांनी मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या बंगळुरूच्या संशोधकांनी हे पाहिले आणि सरळ विचारले, एवढ्यासाठी संगणक कशाला? त्यांनी कारखान्यातल्या संगणकाला एक मोबाइल जोडला. शेतकऱ्याने एसएमएस पाठवायचा, उत्तर एसएमएसनेच यायचे. सात गावांत आठ महिने हा प्रयोग चालला. संगणकावर होणारी सगळी कामे फोनवर झाली, खर्चही कमी आला. शेतकऱ्यांना हीच सोय जास्त आवडली. त्यात नवल कसले? उसाच्या फडातूनच वजन कळत असेल, तर केंद्रापर्यंत पायपीट कोण करील?

फोन हातात आला म्हणजे भावही चांगला मिळेल, असे मात्र नाही. 2007 मध्ये महाराष्ट्रात ‘रॉयटर्स मार्केट लाइट’ ही सेवा सुरू झाली. हवामान, बाजारभाव आणि पीकसल्ला एसएमएसवर, तोही मराठीत. मार्सेल फाफशाँ आणि बार्ट मिंटन या अर्थतज्ज्ञांनी राज्यातल्या 100 गावांत तिची परीक्षा घेतली. काही शेतकऱ्यांना ती वर्षभर फुकट दिली, काहींना दिली नाही. टोमॅटो, डाळिंब, कांदा, गहू, सोयाबीन ही पिके निवडली. 2012 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: सेवा मिळालेल्यांच्या पदरी पडलेल्या भावात सरासरीने दखल घ्यावी असा फरक नव्हता. वादळी पावसाने होणारे नुकसानही कमी झाले नव्हते.

बाजार समितीत माल घेऊन जाणाऱ्याला याचे कोडे पडणार नाही. लासलगावचा भाव कळला, तरी चार गोण्यांसाठी टेम्पोचे भाडे परवडायला हवे. शिवाय आडत्याकडून उचल घेतली असेल, तर माल त्याच्याच गाळ्यावर जातो. फाफशाँ आणि मिंटन यांना थोडी हालचाल दिसली: काहींनी बाजार बदलला, काहींनी मालाची प्रतवारी करून विकायला सुरुवात केली. पण हा परिणाम त्यांना अल्पच आढळला.