नोंद नसलेले बालमृत्यू

बँकेत सायंकाळी रोकड जुळल्याशिवाय कोणी घरी जात नाही. दहा रुपयांची तफावत आली तरी वह्या पुन्हा उघडाव्या लागतात. मात्र दूरच्या पाड्यावर जन्मून आठवड्याच्या आत दगावलेल्या बाळाची नोंद कित्येकदा कोणत्याच वहीत होत नाही. ज्याची नोंद नाही, त्याच्यासाठी तरतूदही नाही. ही तफावत शोधण्यात ज्यांनी आयुष्य वेचले, त्या डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या कार्याची ओळख वाचकांस करून द्यावी, असे आम्हांस वाटले.

या दांपत्याचे वैद्यकीय शिक्षण नागपुरास झाले. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून १९८४ साली सार्वजनिक आरोग्याची पदवी घेऊन ते परतले आणि १९८६ पासून गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेचे काम सुरू झाले. पहिला मोठा अभ्यास स्त्रियांच्या आजारांचा होता. दोन गावांतील ६५० स्त्रिया तपासल्या, त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग आढळला. पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या अवघ्या ८ टक्के! १९८९ साली हे 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापून आले. ज्या दुखण्याविषयी बाई घरातही बोलत नव्हती, ते प्रथमच आकड्यांत आले.

पुढे त्यांनी बालमृत्यूंकडे लक्ष वळवले. बाळे दवाखान्यात नव्हे, घरीच दगावत होती, आणि तीही बहुतेक पहिल्या महिन्यात. दवाखाना लांब, बाळंतीण घराबाहेर पडत नाही. तेव्हा उपचारच घरी नेला पाहिजे, असा विचार पुढे आला. गावातल्याच थोड्या शिकलेल्या स्त्रियांना शिकवून आरोग्यदूत नेमले. बाळाचे वजन घेणे, त्याला ऊब देणे, अंगावर पाजण्यास मदत करणे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखणे, प्रसंगी इंजेक्शन देणे, ही त्यांची कामे. न्यूमोनियात बाळाचा श्वास जलद होतो. पण पन्नासपर्यंत मोजता न येणाऱ्या दाईने तो मोजायचा कसा? त्यासाठी मणी आणि वाळूचे घड्याळ बसवलेले साधे यंत्र बनवले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. एका मिनिटाची वाळू संपण्याआधी लाल मणी सरकला तर उपचार सुरू. आम्हांस या साऱ्या संशोधनात हे यंत्र सर्वांत मोलाचे वाटते.

३९ गावांत हा प्रयोग झाला. हजार जन्मांमागे नवजात मृत्यू ६२ होते, ते तिसऱ्या वर्षी २५ वर आले. तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांत ते साठाच्या आसपासच राहिले. हे निष्कर्ष डिसेंबर १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले.

गडचिरोली आपल्यापासून दूर खरी, पण धडगाव-अक्कलकुवा १९९८ पर्यंत आपल्या धुळे जिल्ह्यातच होते, आणि चोपडा, यावल, शिरपूर या तालुक्यांत सातपुड्याचे पाडे आजही आहेत. राज्यातील अनेक संस्थांनी मिळून मोजणी केली, तिचा 'कोवळी पानगळ' हा अहवाल २००१ साली आला. सरकारी नोंदीपेक्षा प्रत्यक्ष बालमृत्यू कितीतरी अधिक असल्याचे त्यातून उघड झाले.

२०११ साली केंद्र सरकारने ही पद्धत आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर नेली. दवाखान्यात बाळंतपण झाले असल्यास आशाताई ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी घरी येतात. घरी झाले असल्यास पहिल्या दिवशीही. आपल्या घरी बाळंतीण असेल तर हे दिवस ध्यानात ठेवावेत आणि ताई आल्या नाहीत तर विचारावे. इंजेक्शन मात्र आशांच्या हाती दिलेले नाही. ती मुभा २०१४ साली परिचारिकांना मिळाली. गडचिरोलीत गावातली बाई जे करून दाखवू शकली, ते इतरत्र तिला का जमू नये, हे आम्हांस उमगलेले नाही. शिवाय या सर्व भेटींचा मोबदला ठरला तो २५० रुपये! म्हणजे एका खेपेस बेचाळीस रुपयेही पडत नाहीत, आणि पावसाळ्यात पाड्यावर जायचे तर निम्मी वाट पायीच चालावी लागते.