ज्या दाराने पेपाल आत आली

‘स्पर्धा हरणाऱ्यांसाठी असते’ अशा अर्थाच्या मथळ्याखाली पीटर थील यांचा लेख सप्टेंबर २०१४ मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने छापला. ऑनलाइन पैसे चुकते करण्याची सेवा देणाऱ्या पेपालचे सहसंस्थापक आणि फेसबुकमध्ये बाहेरून पहिला मोठा पैसा घालणाऱ्या थील यांचे म्हणणे उडवून लावण्याजोगे नाही. त्यांचा दाखला बोलका आहे. २०१२ मध्ये अमेरिकी विमान कंपन्यांचे एका फेरीचे सरासरी भाडे १७८ डॉलर होते, पण दर प्रवाशामागे त्यांच्या पदरात पडले अवघे ३७ सेंट. त्याच वर्षी गुगलची उलाढाल त्यांच्याहून कितीतरी कमी, ५० अब्ज डॉलर होती. त्यातले २१ टक्के मात्र नफा म्हणून उरले. सारखाच माल विकणारे एकमेकांचे भाव पाडत राहतात आणि उद्याचा विचार करण्याइतका पैसा कोणाच्याच हाती राहत नाही. सॉफ्टवेअरमध्ये तर प्रोग्राम एकदा लिहिला की पुढची प्रत जवळजवळ फुकट पडते, आणि वापरणारे वाढले की त्याला सोडून जाणे अवघड होते. वेगळे काही घडवून मक्तेदारीच मिळवा, हा थील यांचा सल्ला इथवर मला पटतो.

अडचण येते ती त्यांच्याच कंपनीच्या इतिहासाशी. थील यांची कंपनी आणि इलॉन मस्क यांची एक्स डॉट कॉम यांच्यातली चुरस इतकी जीवघेणी होती की नवे खाते उघडणाऱ्याला दोन्हीकडून रोख डॉलर मिळत. मार्च २००० मध्ये दोघांनी विलीनीकरण करून ती थांबवली. पण पेपाल वाढली कुठे? ईबे या संकेतस्थळावरच्या लिलावांत. ईबेकडे १९९९ पासून स्वतःची बिलपॉइंट ही पैसे चुकते करण्याची सेवा होती. तरी विक्रेत्यांना पेपाल सोयीची वाटली आणि त्यांनी ती आपापल्या मालाच्या पानावर लावली. जागेचा मालकच प्रतिस्पर्धी होता, आणि दार उघडे होते म्हणूनच पाहुणा जिंकू शकला. २००२ मध्ये ईबेने पेपाल दीड अब्ज डॉलरना विकत घेतली आणि बिलपॉइंट गुंडाळली. स्पर्धेला नावे ठेवणाऱ्या माणसाचे पहिले मोठे यश दुसऱ्याच्या अंगणात स्पर्धा करता आली म्हणून आहे.

यावर थील यांचे उत्तर तयार असते: मक्तेदाऱ्या कायमच्या नसतात, आयबीएमला मायक्रोसॉफ्टने मागे टाकले, मायक्रोसॉफ्टचे वर्चस्व मोबाइलच्या लाटेत ओसरले. क्रम खरा आहे. पण हे सारे आपोआप घडले, असे त्यातून सुचते ते खरे नाही. आयबीएमच्या यंत्राबरोबर प्रोग्राम वेगळी किंमत न लावता मिळत होते, तोवर नुसते सॉफ्टवेअर विकणाऱ्याने गिऱ्हाईक कुठून आणायचे? जानेवारी १९६९ मध्ये अमेरिकी न्याय खात्याने खटला भरला आणि जूनमध्ये कंपनीने दोहोंच्या किमती वेगळ्या करण्याचे जाहीर केले. स्वतंत्र सॉफ्टवेअर उद्योगाला पाय रोवायला जागा मिळाली ती त्यानंतर. १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टवर खटला झाला तो आपला ब्राउझर विंडोजला जखडून प्रतिस्पर्धी ब्राउझर नेटस्केपची वाट अडवल्याबद्दल. कंपनीचे दोन तुकडे करण्याचा आदेश २००१ मध्ये अपिलात रद्द झाला, पण मक्तेदारी टिकवण्यासाठी बेकायदा मार्ग वापरल्याचा ठपका राहिला. कायदा संथ चालतो आणि तंत्रज्ञान वेगाने, हा आक्षेप रास्तच. आयबीएमवरचा खटला १९८२ मध्ये सरकारने मागेही घेतला. तरीही निकालाची वाट न पाहताच कंपनीची वागणूक बदलली होती, हे विसरून चालणार नाही.

उत्तम काही घडवून मिळवलेली जागा आणि पैसे मोजून राखलेली जागा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थील आपण पहिलीचीच बाजू घेतो असे सांगतात. पण त्यांचे आवडते उदाहरण असलेली गुगल २०२१ मध्ये मोबाइल आणि ब्राउझरमध्ये आपलेच शोधयंत्र आधीपासून बसवलेले असावे म्हणून अ‍ॅपलसारख्या कंपन्यांना २६ अब्जांहून अधिक डॉलर देत होती. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी गुगलने शोधातली मक्तेदारी बेकायदा राखल्याचा निर्णय दिला. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांनी इतरांना वगळणाऱ्या करारांना बंदी केली. गुगलला तिचा क्रोम ब्राउझर विकायला लावले नाही, आणि त्या जागेसाठी पैसे देण्याची मुभाही ठेवली. नव्या शोधयंत्राला ही जागा मिळवायची असेल तर आजही गुगलपेक्षा मोठी रक्कम टेबलावर ठेवावी लागेल, आणि तेवढी रक्कम त्या मक्तेदारीच्या नफ्यातूनच उभी राहते.