मोरीची स्वच्छता

स्वयंपाकघरातील मोरीत मळ साचतो तो दोन प्रकारचा, व त्यांवरील उपायही भिन्न आहेत. खरकट्याचा ओशटपणा क्षाराने सुटतो. यास्तव लाकडाची चाळलेली राख किंवा धुण्याचा सोडा लावून कढत पाणी ओतावे. जड पाण्याचे पांढरे डाग मात्र चुन्याचे असतात. ते लिंबाने वा चिंचेने विरघळतात. दोहोंचे मिश्रण केल्यास परस्परांचा गुण मारला जातो.

शहाबादी फरशी मुळात चुनखडीचाच दगड होय. तीवर आंबट घातल्यास डागाबरोबर फरशीही झिजते. तेथे राखच इष्ट. ब्लीचिंग पावडर टाकलेल्या मोरीत तर आंबट कदापि घालू नये. त्या संयोगातून निघणारा क्लोरीन वायू फुप्फुसांस घातक असतो.